बाबांच्या गाडीचा पिकअप

माझा भाऊ दिवाळीला पुण्याहून आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबांची गाडी घेऊन बाहेर पडला. मला म्हणाला, "ताई, ऑइल बदलून आणतो." मी चकल्या तळत होते, हातात झारा होता, मी "बरं" म्हटलं. ऑइल बदलायला तासभर लागतो. हा गेला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घेऊन परतला. रात्री झोपायला ऑटोने घरी आला तेव्हा विचारलं, तर म्हणे, "मिस्त्रीकडे गर्दी आहे." फाटकातून गाडी आत घेताना त्याच्या तोंडावर जे हसू होतं, त्यावरूनच मला समजायला हवं होतं. ऑइल बदलून कोणी इतकं खूश होत नाही.

ही गाडी म्हणजे दोन सीटची, कापडी टपाची, लाल रंगाची स्पोर्ट्स कार. वयाने माझ्यापेक्षा मोठी. बाबा मँगनीजच्या खाणीत इंजिनिअर होते. तिथले एक साहेब नोकरी सोडून गावी चालले, तेव्हा बाबांनी त्यांच्याकडून ती घेतली. आई तेव्हा जे बोलली ते अजूनही बोलते, "घरात चार माणसं असून जो दोन शिटांची गाडी आणते, त्या माणसाले काय म्हणायचं?" आई स्वतः त्या गाडीत फारशी कधी बसलीच नाही. भाऊ आणि मी मात्र एकाच सीटवर दाटीने बसून खाणीच्या रस्त्यांवर पुष्कळ हिंडलो. घरी येईपर्यंत आमची तोंडं मँगनीजच्या धुळीने काळी झालेली असायची.

पुढे बाबांना काचबिंदू झाला. उशिरा कळला, आणि जी नजर गेली ती गेली. आता समोर कोणीतरी उभं आहे एवढं त्यांना दिसतं. कोण आहे ते आवाजावरून ओळखतात. किल्ली त्यांनी आपणहून माझ्या हातात दिली. भाऊ पुण्यात, म्हणून मी. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, लग्न केलं नाही, आईबाबांसोबत नागपुरात मानेवाड्याला राहते. त्या गाडीचा क्लच जड, स्टेअरिंग जड, उन्हाळ्यात सीटला हात लावला तर चटका बसतो. पण शिकले. गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी मी बाबांना घेऊन वर्धा रोडने बुटीबोरीला जाते. तिथे तर्री-पोहे, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे, चहा, आणि परत.

मला हा रविवार फार आवडायचा. टॉप गिअर टाकून काटा सत्तरवर ठेवला की इंजिन आपल्यापाशी गुणगुणत राहायचं. बाबा डोकं मागे टेकवून गप्प बसायचे. मी अधूनमधून सांगायची, इथे आता नवीन पूल झाला, इथे मेट्रोचा खांब आला. ते "हं" म्हणायचे. मला वाटायचं, सुखात आहेत.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर भाऊ मला म्हणाला, "चल, एक चक्कर मारू." रिंग रोडला सिग्नल सुटला आणि त्याने पाय दाबला. माझी मान मागे गेली. ओवाळणीचं पाकीट मांडीवरून खाली पडलं.

"बघितलंस? पिकअप बघ, ताई!"

पुण्याला गेल्यापासून त्याच्या "पाहा"चं "बघ" झालं आहे आणि "मले"चं "मला". त्याचाही मला राग येतो, पण तो विषय वेगळा.

तेव्हा कुठे त्याने सांगितलं. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक भोपळ्याएवढा डबा असतो. तोच डिफरन्शियल. त्याच्या आत दोन दातेरी चाकं असतात. एक मोठं, मधून पोकळ, कड्यासारखं. त्याला क्राउन म्हणतात. दुसरं छोटं, दांडीवर बसवलेलं, ते पिनियन. इंजिनकडून येणारं छोटं चाक जितक्या वेळा फिरल्यावर मोठं एकदा फिरतं, तो त्या गाडीचा रेशो. आमचा साधारण पावणेचारचा होता. भावाने ती जोडी काढून साडेचारची बसवली होती. आकडा वाढला की गाडी जागची उसळी मारून निघते. पण मग तोच वेग ठेवायला इंजिनला जास्त फिरावं लागतं.

"हायवेला जरा ओरडेल," तो म्हणाला. "आणि हो, स्पीडोमीटर आता जास्त दाखवेल. काट्यातून सहावा हिस्सा वजा करायचा."

नवीन जोडी त्याने कुठल्याशा परदेशी दुकानातून मागवली होती आणि टॉवेलात गुंडाळून, कपड्यांच्या मध्ये ठेवून सुटकेसमधून आणली होती. म्हणजे पुण्याहून निघण्याच्या आधीच सगळं ठरलेलं. तरी मला ऑइल.

"मले विचारलं का?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला निघून गेला आणि रविवारी गाडी माझ्या गळ्यात पडली. मी नेहमीसारखा काटा सत्तरवर ठेवला. आवाज नेहमीसारखाच होता, पण रस्ता मात्र नेहमीसारखा सरकेना. मागून एक टेम्पो आला, हॉर्न वाजवून पुढे गेला. त्यात कोंबड्यांचे पिंजरे होते. मग एक एसटी गेली. एसटीचा कंडक्टर खिडकीतून वाकून आमच्याकडे पाहत होता. मग एका मोटरसायकलवर नवरा, बायको, मूल आणि गॅसची टाकी अशी सगळी मंडळी गेली.

"कोण गेलं?" बाबांनी विचारलं.

"मोटरसायकल."

"आपल्याले मागं टाकून?"

तेव्हा मला सहावा हिस्सा आठवला. सत्तरमधून सहावा हिस्सा गेला तर अठ्ठावन्न. म्हणून मी काटा पंच्याऐंशीच्या पुढे नेला, आणि इंजिन असं किंचाळायला लागलं की मला वाटलं आता काहीतरी तुटून रस्त्यावर पडणार. मी दोनदा पाचवा गिअर शोधला. त्या गाडीला पाचवा गिअर नाही. बुटीबोरी येईपर्यंत माझं डोकं ठणकत होतं. पोहे आले ते मला गिळेनात. बाबांनी आपले संपवले, वर माझ्यातली तर्री मागून घेतली.

घरी आल्यावर मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, मग हायवेला कशाला नेतेस? शहरात फिरव ना." दोन सीटची, कापडी टपाची गाडी मी मानेवाडा चौकात फिरवू? भाजी आणायला? मी त्याला तसं विचारलं. तो हसला. म्हणाला, "आणि मी बाबांना विचारूनच केलंय."

मी फोन ठेवून बाबांकडे गेले. ते अंगणात उन्हाला बसले होते.

"बाबा, तुम्ही त्याले हो म्हटलं?"

"मी नाही नाही म्हटलं."

"म्हणजे हो म्हटलं?"

"पोरगं एवढ्या हौसेनं घेऊन आलं. त्याचं मन काहून मोडायचं?"

"अन् मी चालवतो त्याचं काय? मले बदलवायची आहे ती."

"मग बदलव ना वं. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

आयुष्यभर बाबांचं हेच. आम्ही लहानपणी भांडण घेऊन गेलो की दोघांनाही "बरोबर आहे तुझं" म्हणायचे आणि पेपर वाचायला घ्यायचे. आता पेपर वाचता येत नाही, तर डोळे मिटून घेतात.

बरं, बदलायची तर जुनी जोडी हवी. मी कळमन्याला गेले. क्राउन-पिनियनचं काम नागपुरात खरं तर ट्रकवाल्यांचं, म्हणून ते मिस्त्री कळमन्याच्या मार्केट यार्डाच्या मागच्या ओळीत असतात, जिथे धान्याचे ट्रक उभे राहतात. आमचा मिस्त्री पन्नाशीचा, पोट सुटलेला, कानाला सतत फोन. मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा तो कोणाला तरी फोनवर सांगत होता की गाडी टेस्टिंगला गेली आहे. ती गाडी त्याच्या मागेच, चाकांशिवाय, लोखंडी घोडीवर उभी होती.

"जुना माल?" तो मला म्हणाला. "तो तर भाऊ घेऊन गेले मॅडम."

भावाला फोन केला. "मिस्त्रीकडेच आहे, ताई. मी कशाला पुण्याला नेऊ?"

मिस्त्रीला सांगितलं. त्याने गॅरेजातल्या एका पेटीकडे मान वळवली, न उघडताच म्हणाला, "नाही ना मॅडम. तुम्ही घरी पाहा." आणि मग, "पण काहून बदलवता? भाऊनं किती मस्त चीज आणली. तुम्ही एक डाव भाऊले विचारून घ्या. उद्या ते मले बोलतील."

"गाडी मी चालवतो."

"हो, पण बसवली त्यायनं ना."

मी तशीच घरी आले.

असं बरेच दिवस चाललं. रविवार आला की मी काहीतरी कारण काढून हळू चालवायची, मागची सगळी वाहनं पुढे जाऊ द्यायची, वजाबाकी करायची, आणि सोमवारी कॉलेजात चिडून बसायची. एका विद्यार्थ्याने उशिरा पुस्तक परत आणलं म्हणून मी त्याला इतकं बोलले की माझा सहायक मधे पडला.

जानेवारीत एकदा घरी मी माठातून पाणी घेत होते. आमच्याकडे बारा महिने माठ असतो. आईला दुसरं पाणी चालत नाही. माठ नेहमी लाकडी तिवईवर असायचा. त्या दिवशी मला तो जरा बुटका वाटला. वाकून पाहिलं, तर माठाखाली लोखंडाचं एक जाडजूड कडं होतं. त्याला चहूकडून दात.

"आई, हे काय आहे?"

"ते होय? तिवईचा पाय मोडला ना. हे पायरीपाशी पडून होतं पिशवीत. इतकं छान बसते पाहा, माठ हलत नाही की डुलत नाही."

"अवं आई, हे बाबांच्या गाडीचं आहे!"

"मग असू दे ना. गाडी तर याच्याशिवाय चालूनच राहिली."

मी माठ उतरवून ते हातात घेतलं. आईने ते तसंच तेलकट ठेवलेलं नव्हतं. पिण्याच्या पाण्याखाली काळं तेल कसं चालेल? तिने ते चिंच लावून, राख लावून, नारळाच्या काथ्याने घासून लखलखीत केलं होतं. मग त्यावर माठ ठेवला आणि माठ रात्रंदिवस पाझरत राहिला. दातांच्या फटीफटीत तांबडा गंज चढला होता. पिनियन त्याच पिशवीत शिल्लक होतं, ते तेलकट होतं, ते ठीक होतं.

भावाला मी फोटो पाठवला. त्याने आधी रडणारं तोंड पाठवलं, मग हसणारं.

मिस्त्रीने ते कडं हातात घेऊन फिरवलं. "हे तर खाऊन गेलं मॅडम. दातावर गंज म्हणजे आवाज करीन."

"करू दे. साडेचारपेक्षा कमीच करीन."

"मग माह्यावर नाव नका ठेवू."

"नाही ठेवत."

गाडी त्याच्याकडे ठेवून आले. सोमवारी फोन केला, तो म्हणाला, उद्या. उद्या केला, तो म्हणाला, सीलचं रबर येऊन राहिलं. शनिवारी मी स्वतः गेले. गाडी जशी सोडली तशीच उभी, फक्त तिच्या बॉनेटवर कोणीतरी डबा खाऊन गेलं होतं. वरणाचा ओघळ वाळला होता. वर मिरचीचा हंगाम सुरू झालेला. यार्डात लाल मिरचीची पोती उतरत होती आणि वारा गॅरेजकडे. मिस्त्री शिंकत होता, त्याची माणसं शिंकत होती, मी शिंकत होते. मी शिंकत शिंकत त्याला म्हटलं की आज मी इथून हलणार नाही. एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसले, ओढणी नाकाला लावली आणि बसून राहिले. अखेर त्यांनी चाकं काढली, दांड्या ओढल्या, डबा उघडला. संध्याकाळी गाडी चालू झाली. मी म्हटलं, बस, संपलं एकदाचं.

रविवारी निघालो. काटा सत्तरवर, आणि सत्तर म्हणजे सत्तरच. इंजिन शांत. कोंबड्यांचा टेम्पो मागे. मी दोन मिनिटं खूप खूश होते. मग विमानतळ मागे पडल्यावर मागून एक बारीक आवाज यायला लागला. कुंईऽऽऽ. पाय काढला की बंद, पाय ठेवला की सुरू. डास कानाशी येतो तसा, पण डासाला मारता येतं.

मी मिस्त्रीला थांबून फोन केला. "चालवता चालवता आवाज बसून जाईन," तो म्हणाला.

बसला नाही. तीन-चार रविवार मी तो आवाज ऐकत गाडी चालवली. मी बाबांना विचारलं, "तुम्हाले आवाज येते का?" ते म्हणाले, "येते." पुढे काही नाही.

मग बुटीबोरीहून परत येताना एके दिवशी मीच म्हणाले, "या आवाजापेक्षा तेच बरं होतं का काय कोण जाणे."

बाबा म्हणाले, "होतंच ना."

"काय होतं?"

"तेच बरं होतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर तोंड करून बसले होते, टोपी कानापर्यंत ओढलेली.

"बाबा, तुम्हीच म्हणाले ना, बदलव म्हणून?"

"तुले बदलवायची होती, म्हणून म्हटलं."

"अन् त्याले बसवायची होती, म्हणून त्याले म्हटलं?"

त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "त्याले नव्हती बसवायची. मी सांगतलं होतं त्याले."

मी गाडी बाजूला घेतली. एका बंद पडलेल्या ढाब्यासमोर थांबवली, इंजिन बंद केलं. मागून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकसरशी गाडी हलत होती.

"तुम्ही सांगतलं?"

"दसऱ्याच्या वेळी फोनवर. म्हटलं, गाडीत दम राहिला नाही, काही होते का पाहा. त्यानं मग शोधलं."

"गाडीत दम राहिला नाही?"

"अवं, तू चालवतेस ना…" ते थांबले. मग एकदम जोरात बोलले, जसे खाणीत बोलत असावेत, "तू गाडी चालवतेस म्हणजे पोस्टात जाऊन बसल्यासारखं वाटते मले! एकदा टॉप टाकला की संपलं. काही होतच नाही. तू सांगतेस, बाबा पूल आला, बाबा खांब आला. मले काय करायचा खांब? मले दिसते का तो? मले आता गाडी पाठीनं समजते. तू पाय दाबला, मागून सीटनं धक्का दिला, इंजिनचा आवाज चढला, तर मले समजते की मी गाडीत बसलो आहे. नाही तर मी घरी खुर्चीवर बसलो काय अन् इथं बसलो काय!"

वाईट वाटलं असं म्हणेन तर अर्धंच खरं होईल. मला संताप आला. इतक्या वर्षांचे रविवार. मी पहाटे उठून गाडी पुसायची, हवा पाहायची, खड्डे टाळत टाळत, त्यांच्या अंगाला एक हिसका बसू नये म्हणून जपून न्यायची. आणि हे पोस्टात बसले होते!

"मग मले काहून नाही सांगतलं?"

"तू म्हटली असती, बाबा, या वयात."

"मी नसतं म्हटलं."

"आताही म्हणतेच आहेस मनात."

"मी दोन महिने कळमन्याले चकरा मारल्या! मिरच्यांत बसून शिंकली मी! एक शब्द बोलले असते तर?"

"मले वाटलं, तुले शांत गाडी आवडते. तू चालवतेस, तर तुझ्या मनासारखी असू दे. मग म्हटलं नाही काही."

"मग आता काहून म्हटलं?"

"तू विचारलं म्हणून."

मी खाली उतरले, गाडीला एक फेरी मारली, परत येऊन बसले. काय करणार? त्यांच्याशी भांडता येत नाही, कारण ते भांडतच नाहीत. सगळ्यांचं ऐकतात आणि आपलं काम मागच्या दाराने करून घेतात. आई म्हणते, दोन सीटची गाडीही अशीच आली. आईला म्हणे त्यांनी, आपण चार जणांसाठी काहीतरी पाहू, असंच सांगितलं होतं.

"किती पाहिजे तुम्हाले?" मी शेवटी विचारलं.

"काय किती?"

"रेशो. साडेचारनं माझं डोकं दुखते. हायवेले ती गाडी मी चालवणार नाही, सांगून ठेवतो. पावणेचार तुम्हाले पोस्ट. मग मधलं सांगा."

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला आणखी चीड आली. "चार पॉइंट एक," ते ताबडतोब म्हणाले. म्हणजे आकडासुद्धा तयार होता.

भावाला फोन मी केला, बाबांना शेजारी बसवून, स्पीकरवर. म्हटलं, आता जे बोलायचं ते तिघांनी एकदम बोलायचं. भाऊ आधी कुरकुरला. "चार पॉइंट एक म्हणजे ना धड पिकअप, ना धड हायवे." मी म्हटलं, चालवायला तू येतोस का दर रविवारी? तो म्हणाला, बरं, मागवतो. काही आठवड्यांनी जोडी पार्सलने आली. आईने पार्सल उघडू दिलं नाही, आधी विचारलं, यातलं काही जास्तीचं आहे का.

या वेळी मी बाबांना कळमन्याला सोबत नेलं. मिस्त्री त्यांना पाहून एकदम "या काका, बसा काका" करू लागला. काम करताना त्याने दातांना लाल रंग लावला. चाक फिरवलं की रंग कुठे पुसतो ते पाहून दात नीट भिडतात की नाही हे ठरवतात. बाबांना तो रंग दिसणार नव्हता. त्यांनी बाही सरसावली आणि क्राउनला हात लावून तो पुढेमागे हलवला, कान जवळ नेऊन. "प्ले जास्त आहे, दात ढिले बसून राहिले," ते म्हणाले. मिस्त्री म्हणाला, बरोबर आहे काका. बाबा म्हणाले, जास्त आहे. मिस्त्री म्हणाला, ट्रकले इतकाच ठेवतो आम्ही. बाबा म्हणाले, हा ट्रक आहे काय? दोघं अर्धा तास वाद घालत बसले. मध्ये मध्ये शिंकत होते. शेवटी पातळ पत्र्याच्या चकत्या कमी-जास्त करून त्यांनी काहीतरी मधला रस्ता काढला आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं. माझा अख्खा शनिवार गेला. बाबांच्या सदऱ्याला लाल रंग आणि काळं तेल लागलं, ते अजून निघालेलं नाही.

आवाज मात्र गेला.

आता गाडी कशी आहे? खरं सांगायचं तर भाऊ म्हणाला तशीच आहे. सत्तरला इंजिन पूर्वीसारखं गुणगुणत नाही, जरा वरच्या आवाजात बोलावं लागतं. काट्यातून सहाव्याऐवजी बारावा हिस्सा वजा करावा लागतो. सिग्नलला सुटताना मान मागे जात नाही, पण पाठ टेकते. बाबा आता मला थेट सांगतात, ही एक सुधारणा म्हणायची. त्याचा त्रास वेगळा. "आता दाब." "थर्डवर घे ना." "ब्रेक काहून मारला? मांजर होतं? मग हॉर्न द्यायचा." एका रविवारी मी इतकी वैतागले की म्हटलं, पुढच्या वेळी घरीच बसा. पुढच्या रविवारी ते खरंच आले नाहीत. आई म्हणाली, रुसले. मी एकटी जाऊन आले, पोहे खाल्ले, बांधूनही आणले. त्यांनी खाल्ले, म्हणाले, तर्री थंड आहे.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र आले. बुटीबोरीच्या अलीकडे उड्डाणपुलाखालून निघालो तेव्हा पुढे रस्ता मोकळा होता. एक ट्रॉली सावकाश चालली होती, बाजूची लेन रिकामी. बाबांनी "दाब" म्हटलं नव्हतं. मी गिअर खाली घेतला, पाय दाबला. गाडी उसळली, सीटने पाठीला रेटा दिला, इंजिनचा आवाज चढत चढत गेला आणि ट्रॉली बघता बघता मागे पडली. मी गिअर वर टाकला. माझी ओढणी तोंडावर आली होती ती सारखी केली.

"आवडलं ना?" बाबांनी विचारलं.

"आवाज फार आहे," मी म्हटलं.